उद्यमनगरातलं घर विकावं का?

प्रश्न : ताई, आमचं घर उद्यमनगरच्या मागच्या अंगाला एका गल्लीत आहे. आजोबा शाहू मिलमध्ये होते. वडिलांनी खाली लेथचं वर्कशॉप टाकलं, वर आम्ही राहायचो. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मामा अजून एक लेथ चालवतात आणि आईला महिन्याला ठरलेली रक्कम देतात. पण गल्लीची रया गेली आहे. निम्मी शटरं बंद, रात्री त्यांच्यापुढं दारू पिणारे बसतात, पहिल्या वळवालाच गटार रस्त्यावर येतं. आता कोपऱ्यावर एक कॅफे झालाय आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं भाडं मालकानं एकदम दुप्पट केलंय. एक बिल्डर म्हणतो, पाच वर्षांत इथं राजारामपुरीसारखी दुसरी गजबजलेली बाजारपेठ होणार. भाऊ म्हणतो, मिळेल त्या भावाला विकू आणि कळंब्याला फ्लॅट घेऊ. माझ्याकडं हक्कसोडपत्रावर सही मागतोय. असा खचलेला भाग खरंच वर येतो का? थांबावं की विकावं?
— एक वाचक, कोल्हापूर (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : वर येतो. आपलं अर्धं कोल्हापूर असंच उभं राहिलंय. शाहूपुरीचं बघा. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी तिथं व्यापारी पेठ वसवली. गुळाचा बाजार सुरू झाला, मग अडते आले, हमाल-तोलाईवाले आले, त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या, आणि घरं त्यांच्या मागोमाग उठली. पुढं १९०६ मध्ये तुमचे आजोबा जिथं होते ती शाहू मिल, म्हणजे कापडगिरणी, निघाली आणि तिच्या भोंग्यावर आजूबाजूच्या वस्त्यांचं घड्याळ चालू लागलं. दोन्ही ठिकाणी काम आधी आलं आणि वस्तीला बरकत नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण तुमच्या बिल्डरच्या बोलण्यात तो उलटा आहे.

तुमची गल्ली का खचली तेही नीट बघू. उद्यमनगर वाढलं ते शेतीच्या आधारावर. नदीकाठच्या मळ्यांना पाणी उपसणारी ऑइल इंजिनं, उसाचे चरक, त्यांचे सुटे भाग, सगळं या गल्ल्यांमधून तयार झालं. फारसं न शिकलेल्या मिस्त्री लोकांनी बाहेरची यंत्रं उघडून बघून इथं तशी घडवली. नंतर फौंड्र्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेल्या. ते योग्यच झालं. भर वस्तीत भट्टीचा धूर सोसायची वेळ कुणावर येऊ नये, आणि मोठे ट्रक या बोळांत वळत नाहीत. पण मोठं काम गेलं, त्याच्या जागी शहरानं काही आणलं नाही आणि मागं राहिलं ते जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचं सुटं काम मजुरीवर करून देणं. मिलही बंद पडली. दोन्ही आधार गेल्यावर गल्ली खचणारच, त्यात तिथल्या माणसांचा काय दोष?

तरीही त्या जॉबवर्कला कमी लेखू नका. मी जुनी घरं दुरुस्त करणारी आर्किटेक्ट आहे, म्हणून सांगते. एका वाड्याच्या सज्जाचं काम माझ्याकडं होतं. सज्जाला बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नक्षीदार ब्रॅकेट, त्यातला एक तुटून हरवलेला. तसा बाजारात मिळत नाही. उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या काकांनी शेजारचा ब्रॅकेट बघून सागवानात त्याची हुबेहूब प्रत कोरली. बीड ओतल्यावर थंड होताना आकसतं, साधारण फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा काढतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडं पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा जरासा लांब! ती पट्टी घेऊन ते नक्षीतल्या पानाची जाडी मोजत होते, आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसले. ओतकाम शिरोलीत झालं, परत आल्यावर भोकं पाडणं, घासणं, बसवणं हे सगळं काकांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर झालं. हंगामात राधानगरी-भुदरगडकडचा शेतकरी तुटलेला दांडा पिशवीत घालून येतो आणि संध्याकाळपर्यंत नवा घेऊन जातो, तोही याच साखळीच्या जोरावर. एका नगाचं असलं काम मोठा कारखाना घेत नाही. तुमचे मामा या साखळीतले आहेत. पॅटर्नवाला उठला की ड्रिलवाल्याचं काम घटतं, ड्रिलवाला उठला की मामांचं. शटरं एकापाठोपाठ एक पडतात ती अशी.

आता कॅफे. कॅफे आला म्हणून मला वाईट वाटत नाही. संध्याकाळी उजेड राहतो, चार कुटुंबं येतात, दारू पिणारे दुसरीकडं सरकतात, क्लासवरून येणाऱ्या मुली त्या रस्त्यानं बिनधास्त चालतात. ही सुधारणाच आहे आणि ती तुमच्या आईलाही हवी आहे. मला चिंता वाटते ती वेल्डिंगवाल्याच्या दुप्पट भाड्याची. भाग वर येतोय हे पहिल्यांदा तिथं कळतं, आणि त्याची किंमतही पहिल्यांदा तिथंच वसूल होते.

हे जगभर घडलंय. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या भागांबद्दल लिहून ठेवलं की, मध्यमवर्ग एकेक करून कामगारांची घरं घेत जातो, घरं देखणी होतात, आणि एकदा ही लाट लागली की बहुतेक मूळ कामगार निघून जाईपर्यंत थांबत नाही. इतकं लांब कशाला? मुंबईचं गिरणगाव आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या माणसांनी भरलेलं होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांची जमीन तीन वाटे करायची होती : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली, म्हणजे लोकांच्या वाट्याला फारच थोडं आलं. आज लोअर परळला गिरणीच्या आवारात मॉल आहे. भाग सुधारला का? रस्त्यावरून बघितलं तर सुधारला. पण खानावळीत जेवून पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या नातवाला तिथं घर परवडत नाही.

तुमची स्थिती त्या गिरणी कामगारापेक्षा बरी आहे, कारण तुमच्याकडं जागा आहे. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, हक्कसोडपत्रावर आत्ता सही करू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या हिश्श्यात आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही सारखे वारस आहात. तुम्ही नाव सोडलंत तर त्याचा फटका तुमच्या आधी आईला बसेल, कारण घरात ‘थांबा’ म्हणणारं दुसरं कुणी उरणार नाही. सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा. पुष्कळ घरांत त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं आणि चुलत्यांचा हिस्सा तसाच पडून असतो. आधी वारसनोंद करा. ती झाल्याशिवाय घराच्या किमतीची कुठलीही चर्चा पोकळ आहे.

भावाच्या बाजूनंही दोन शब्द बोलते. त्याला लिफ्ट हवी, गाडी लावायला जागा हवी, आईला जिना चढायला लागू नये असं वाटतं. यात गैर काही नाही. पण त्याच्याबरोबर कागद घेऊन हिशेब मांडा. आज आईला मामांकडून दरमहा पैसे येतात. फ्लॅटमध्ये ते थांबतील आणि वर मेंटेनन्स सुरू होईल. कळंबा-पाचगाव बाजूला उन्हाळ्यात पाण्याची काय तऱ्हा असते ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे बघा. तेव्हापासून माझ्याकडं येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘तिथं पाणी येतं का?’ शहराच्या मधोमध, पुराचं पाणी न पोचणारी जागा बिल्डरला हवीहवीशी वाटते ती त्यामुळंच. तुमची गल्ली जयंती नाल्याच्या किती जवळ आहे आणि पुराची हद्द दाखवणाऱ्या सरकारी निळ्या-लाल पूररेषेच्या बाहेर आहे का, एवढी खात्री करून घ्या. असेल, तर घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

मग काय करावं? माझा सल्ला असा की, विकू नका आणि नुसते थांबूनही राहू नका. शेजारची दोन-तीन घरं मिळून एकत्र पुनर्विकासाचं बोला. एकेकट्या चिंचोळ्या प्लॉटवर जिना आणि पार्किंग सोडलं की हाती काही लागत नाही. एकत्र आलात तर बोलणी तुमच्या अटींवर होतील, आणि त्या अटींत तळमजल्यावर कामाचे गाळे लिहून घ्या. ‘गाळा’ एवढा शब्द पुरत नाही. लेथ बसायचा तर जमीन तेवढा भार पेलणारी हवी, मशीनचा पाया इमारतीच्या पायापासून सुटा हवा म्हणजे हादरे वर जाणार नाहीत, छताला उंची हवी, थ्री-फेज कनेक्शन हवं आणि टेम्पो मागं लावता येईल एवढं दार हवं. हे करारात नसेल तर तिथं मोबाइलचं दुकान होईल आणि मामा घरी बसतील. त्या गाळ्यांचं भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल तेही त्याच करारात ठरवा. वेल्डिंगवाल्यासारख्या जुन्या भाडेकरूंना पहिला हक्क द्या. हे उपकार नव्हेत. त्यांच्या कामावरच तुमच्या गाळ्याला गिऱ्हाईक येतं.

एक सावधगिरी मात्र बाळगाच. जागा ५०० चौरस मीटरपर्यंतची असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नसते. गल्लीतली बहुतेक कामं याच मापात बसतात. म्हणजे तिथं तुमचं रक्षण करणारा कागद एकच, तुमचा स्वतःचा करार. तो नोंदणीकृत हवा, क्षेत्रफळ कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा मोजून, लिहिलेलं हवं, ताबा मिळेपर्यंतचं भाडं आणि उशिराचा दंड आकड्यांत हवा, आणि शक्य झालं तर बँक गॅरंटी हवी. ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून यातलं काहीही सोडू नका.

गटाराचा प्रश्न आत्ताच धरा, इमारत होईपर्यंत वाट बघू नका. जी लाइन आज दुमजली घरांचं पाणी वाहू शकत नाही, ती पाच मजल्यांचं कसं वाहील? गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि दर पावसाळ्याआधी त्याच पोचेचा हवाला देऊन पुन्हा जा.

आणि शाहू मिल. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिचे दरवाजे उघडले, तेव्हा शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन आत गेली होती. ती दगडी इमारत आणि ती चिमणी बघून माझे डोळे भरून आले. तिथं महाराजांचं स्मारक व्हायलाच हवं, पण त्याच आवारात हातांना काम देणारं काहीतरी हवं : प्रशिक्षण, शिवणकाम, चप्पल, लहान यंत्रं. ज्यांनी कोल्हापूरला पेठ आणि मिल दिली, त्यांचं स्मारक नुसतं बघण्यापुरतं असू नये. तुमची पिढी हे मागत राहिली तर तुमच्या गल्लीला बिल्डरनं सांगितलेल्या पाच वर्षांपेक्षा जास्त खात्रीचं भवितव्य आहे.

प्रश्न : महाद्वार रोडच्या बाजूला आमचं चाळीस वर्षांचं भाड्याचं दुकान आहे, हळदी-कुंकू आणि ओटीचं सामान. मालकांना वाडा पाडून यात्री निवास बांधायचा आहे. तोंडी म्हणतात, ‘तीन लाख घ्या आणि दिवाळीच्या आत सोडा.’ आमचा काही हक्क आहे का?
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तुमच्या बाजूनं आहे. पाडून नवं बांधायचं असेल तर मालकांना कोर्टातून ताबा घ्यावा लागतो, आणि नव्या इमारतीत भाडेकरूला जागा देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. तोंडी मुदतीला घाबरून काहीही लिहून देऊ नका. मालक भाडं घ्यायचं टाळत असतील तर मनीऑर्डरनं पाठवा आणि पावत्या जपून ठेवा. दुकान दुसऱ्याला चालवायला देऊ नका, पोटभाडेकरू ठेवलात तर तेच तुमच्याविरुद्ध कारण होईल. वीजबिल, शॉप अॅक्टचा कागद आणि जुन्यात जुनी भाडेपावती एका फायलीत लावा आणि ती फाइल घेऊन दिवाणी वकिलाकडं जा. मालकांशी बोलणं सुरू ठेवा, पण रस्त्याकडेचा गाळा, तितकाच कार्पेट, आणि बांधकाम चालू असताना जवळपास पर्यायी जागा, या तीन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका. देवीला ओटी घेऊन जाणारी बाई गल्लीच्या आतल्या दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. तुमचं दुकान चालतं ते त्या जागेमुळं, हे मालकांनाही पक्कं ठाऊक आहे.