कारखान्यातून उरलेले प्लॅस्टिकचे ड्रम आणि कॅन कशासाठी वापरता येतील?

आधी त्यात काय होतं ते शोधा. लेबल नसेल किंवा कीटकनाशक, सॉल्व्हंट (थिनरसारखं विरघळवणारं रसायन) असं काही असेल, तर तो ड्रम घरात आणूच नका. असे ड्रम कितीही धुतले तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं रसायन पूर्ण निघत नाही. खाद्यतेल, सिरप, लोणचं यांचे ड्रम मात्र सोनं आहेत. ते बहुधा एचडीपीई या जाड, टिकाऊ प्लॅस्टिकचे असतात; तळाशी त्रिकोणात २ हा अंक दिसेल.

माझी सर्वांत आवडती कल्पना म्हणजे स्वतः पाणी पिणारी कुंडी. २०० लिटरचा ड्रम मधोमध आडवा कापा. तळात १५ सेंमी खडी भरा, त्यात एक उभा पाइप ठेवा, वर जुनं सुती कापड आणि मग माती. खडीच्या वरच्या पातळीला बाजूने एक भोक पाडा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाईल. पाइपमधून पाणी घातलं की माती ते हळूहळू वर ओढते. टोमॅटो, वांगी यात खरंच छान येतात, आणि उन्हाळ्यातही रोज पाणी घालावं लागत नाही.

बाजूने भोकं पाडलेला अख्खा ड्रम कंपोस्टला चालतो. छोटे कॅन तिरके कापले की धान्य-मातीसाठी सुपली तयार.

पावसाचं पाणी साठवणार असाल तर पांढरा ड्रम रंगवून किंवा झाकून ठेवा, नाहीतर उजेडाने शेवाळ धरतं. जाळी लावा, डास होतात. आणि भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो, तेव्हा खालचा ओटा पक्का हवा.