व्हिएतनाम-कंबोडिया पहिल्यांदा करताय? आधी तिकिटांचं बघा

आठ-नऊ दिवसांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि वर बँकॉक पण, बसवलं तर बसेल हो, पण अर्धी सुट्टी एअरपोर्टवरच जाईल, माझं ऐकाल तर बँकॉक सोडाच. व्हिएतनामच्या उत्तरेला हनोईला उतरा आणि परतीचं तिकीट दक्षिणेतल्या हो ची मिन्हवरून काढा, देश उभा लांबलचक आहे, उगाच परत वर कशाला यायचं. मधे दानांगची डोमेस्टिक फ्लाईट, तिथून होई आन हे जुनं गाव टॅक्सीने तासाभराच्या आत. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेमकं आपल्या दिवाळीच्या सुट्टीत, त्या मधल्या पट्ट्यात जोरदार पाऊस असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी भरतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च बघा.

स्वस्तात पडतं म्हणून वेगवेगळी तिकिटं जोडताय ना, मग बॅग सहसा आपोआप पुढे जात नाही, बाहेर येऊन परत चेक-इन करावी लागते, मधे चार-पाच तास तरी ठेवा. कंबोडियाहून परत व्हिएतनामला येणार असाल तर व्हिएतनामचा ई-व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच (एकाहून जास्त वेळा आत येता येतं तो) काढा.

कंबोडियातल्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, तीनचाच घ्या. सूर्योदयाला तुडुंब गर्दी, पण तिथलं मुख्य मंदिर अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, दुपारनंतर समोरून ऊन पडतं तेव्हाच मला तरी जास्त आवडतं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर मंदिराच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. आणि अंगकोरजवळच्या सिएम रीप गावाचा नवा एअरपोर्ट (२०२३ पासूनचा) गावापासून बराच लांब आहे, निघताना तासभर धरून चला.