काउंटरवर पट्टी कापण्याआधी

बाळा, रामबागेतल्या आपल्या औषधांच्या दुकानात शटर वर जातं न जातं तोच कुणी आजोबा येतील, "गुडघ्याची ती गोळी दे रे" म्हणतील. कात्री लगेच उचलू नकोस, आधी चिठ्ठी माग.

ती गोळी म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक. ते दुखणं आणि सूज उतरवतं ते प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीरात दुखणं-सूज वाढवणारं रसायन, अडवून. पण हेच रसायन पोटाचं अस्तर जपतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतं. म्हणून गोळी पोहे खाऊन घ्यायला सांग. (पोह्यांनी अल्सर टळतो असं मात्र नाही हं.) बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयाचा, किडनीचा त्रास आहे का, हे विचारच. हो असेल तर डॉक्टरांना फोन लाव.

माझ्या काकांकडे दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. नावं वेगळी, रंग वेगळे; आत दोन्हीकडे डायक्लोफिनॅकच! महिनाभर दोन्ही घेतल्या. डांबरासारखी काळी शौच झाली, म्हणजे पोटात रक्तस्राव, तेव्हा घरात धावपळ. तेव्हापासून मी पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचतो, चष्मा लावून.

आणि पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, तापावर हे मागितलं तर सरळ नाही म्हण. रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉल दे आणि डॉक्टरांकडे पाठव.