‘गेलेले तेवढे काढतो, मग बंद’

मोबाईलवर डॉलर-युरोची खरेदी-विक्री करून पगाराला जोड मिळेल का, हे आधी पैशांचा सल्ला देणाऱ्या आमच्याकडे विचारायला येणारे फार थोडे. बहुतेक जण येतात तेव्हा पैसे गुंतलेले असतात आणि प्रश्न वेगळाच झालेला असतो: अडकलेले सोडवायला आणखी थोडे घालावेत का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे जोडपं त्यांपैकीच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गृहस्थ मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका कारखान्यात हिशेबनीस. बाईंनी बसल्याबसल्या सांगितलं, “हे माझ्या बांगड्यांवर कर्ज काढायचं म्हणताहेत.” गृहस्थांचं म्हणणं, “मॅडम, तोटा तसा फार नाही. खात्यात अकराशे डॉलर आहेत. गेलेले तेवढे काढतो, मग बंद.”

तोटा किती हे ॲपवर पाहायचं नसतं. बँकेचं स्टेटमेंट घेऊन दोनच रकाने मांडायचे: बँकेतून गेले, बँकेत परत आले. गेले होते ३,४०,००० रुपये, आले होते ६२,०००. म्हणजे घरचे २,७८,००० बाहेर. स्क्रीनवरचे अकराशे डॉलर ८५ रुपयांनी धरले आणि ते खरोखर मिळणार असं मानलं, तरी होतात ९३,५००. गेलेले भरून काढायला या पैशांचे जवळजवळ तिप्पट व्हायला हवेत. दिवसभर कारखान्याचा ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाने स्वतःचा हा हिशेब एकदाही मांडला नव्हता. त्यात नवल नाही. चारशे डॉलर गेले म्हटलं की चौतीस हजार गेले, असं मनाला लागत नाही.

त्यांच्या मते दोष टेलिग्रामच्या गटावर येणाऱ्या चुकीच्या सिग्नलचा, म्हणजे कधी घ्या, कधी विका या सूचनांचा. खरा दोष लॉटचा, म्हणजे सौद्याच्या आकाराचा होता. त्यांनी सुरुवात केली ५०० डॉलरने, लिव्हरेज एकास पाचशे, म्हणजे एका डॉलरवर पाचशे डॉलरचा सौदा. एक लॉट म्हणजे १,००,००० युरो. भाव १.१० धरला तर सौदा १,१०,००० डॉलरचा, आणि त्यासाठी अनामत (मार्जिन) म्हणून अडकतात फक्त २२० डॉलर. उरले २८०. एका लॉटला एक पिप, म्हणजे भावातल्या दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकाचा एक टप्पा, १० डॉलरचा. तेव्हा भाव २८ पिप उलटा गेला की मार्जिन कॉल (आणखी पैसे भरा, असा इशारा), आणखी थोडा गेला की ॲपच सौदा कापतं. युरो-डॉलर दिवसात पन्नास-साठ पिप हलणं ही नित्याची गोष्ट आहे. शेवटी भाव तुमच्या बाजूने फिरला तरी तोवर तुम्ही सौद्यात नसता. शिवाय स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) दीड पिप असेल तर सौदा उघडताक्षणी १५ डॉलर गेले. भांडवलाचे तीन टक्के!

मग छोटा लॉट का नाही घ्यायचा? ५०० डॉलरवर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५ डॉलरच धोक्यात घालायचे ठरवले, तर २५ पिपांच्या स्टॉप-लॉससाठी (तेवढा तोटा झाला की सौदा आपोआप बंद) ०.०२ लॉट पुरतो. अशा शिस्तीने महिन्याला पाच टक्के सुटले, तर मुरलेला व्यावसायिकही खूश होईल. पण हे पाच टक्के म्हणजे २५ डॉलर, दोन-सव्वादोन हजार रुपये. तेवढ्यासाठी रात्री बारापर्यंत कोणी जागत नाही, म्हणून लॉट वाढतो. थोडं भांडवल आणि मोठी अपेक्षा यांचा मेळ इथे बसतच नाही, हे त्यांना कागदावर आकडे मांडल्यावर पटलं. नुसतं सांगून पटलं नसतं.

दुसरी बाजू कायद्याची. भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे सौदे फक्त अधिकृत व्यक्तींशी, आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करता येतात. परदेशी ॲपवर मार्जिनसाठी पैसे पाठवणं परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेतही बसत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली (‘फेमा’) दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. परवानगी नसलेल्या मंचांची रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी सप्टेंबर २०२२ पासून आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं मात्र नाही.

“मग एनएसईवर करू का?” हे त्यांनी विचारलंच. या राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचा लॉट १,००० डॉलरचा, हिशेब रुपयांत. पण मे २०२४ पासून तुमचं खरंखुरं डॉलरचं देणं-घेणं असल्याशिवाय तिथे सौदा करता येत नाही. मुलीची कॅनडातली फी ठरली असेल तर गोष्ट वेगळी. यांची मुलगी दहावीत.

हे सगळं झाल्यावर त्यांना पहिलं काम सांगितलं: नवा रुपया घालायचा नाही आणि आहे ते सगळं काढायला टाकायचं. ॲपचं उत्तर आलं, ‘आधी १८ टक्के कर भरा, मग पैसे सुटतील.’ भारतातला प्राप्तिकर सरकारजमा होतो, ब्रोकरने दिलेल्या यूपीआयवर नाही. आणि खरोखर कापायचाच असता तर शिलकीतून कापला असता. इथे बाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. सोबत लागतं ते असं: प्रत्येक भरण्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले ते, गप्पांचे स्क्रीनशॉट, करमागणीचा संदेश. टेलिग्रामचा गट सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावेत. उलट क्रम केला की हाती काही उरत नाही. बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणली. फेमाचं काय करायचं, त्यासाठी सीएकडे पाठवलं; तो आमचा प्रांत नव्हे.

बांगड्या गहाण पडल्या नाहीत. मात्र परत आलेले ६२,००० तीन अनोळखी माणसांच्या खात्यांतून आले होते. त्यातल्या एका खात्यावर दुसऱ्या राज्यात तक्रार निघाली आणि यांच्या पगाराच्या खात्यात १८,००० रुपयांवर होल्ड लागला, म्हणजे ते गोठवले गेले. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घेतलं आहे. स्टेटमेंट जोडून खुलासा तिकडे पाठवला आहे, उत्तर अजून यायचं आहे.