डोंगरमाथ्यावरचं पीट आणि शेफील्डचं पाणी

प्रश्न : इंग्लंडमधल्या शेफील्डला राहतो. जवळच्या पेनाइन डोंगरांत ओढ्याचं पाणी तांबूस दिसलं. हेच आमच्या नळाला येतं का?

रंग पीटचा आहे, सांडपाण्याचा नव्हे. पीट म्हणजे पाण्याखाली हवेविना अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तिथली धरणं अशाच ओढ्यांवर भरतात, पण नळाला पाणी रंग काढूनच सोडतात. काढावाच लागतो. तो सेंद्रिय अंश राहिला, तर क्लोरीनशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला अपायकारक मानली जाणारी संयुगं तयार होतात. पीटचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. कोरडा पडला की हवा शिरते, कुजणं वेग घेतं आणि रंग वाढतो. मात्र सगळं खापर चर खणून पीट कोरडं करणाऱ्या जमीनमालकांवर फोडू नका. हवेतलं गंधक घटून पावसाची आम्लता कमी झाली, त्यानेही पीटमधला सेंद्रिय कार्बन जास्त विरघळू लागला.

प्रश्न : आपण पाणी जिरवायला चर खणतो, तिथे म्हणे चर बुजवतात?

आपले चर समतल, उताराला आडवे. तिथले खणले तेच पाणी काढून द्यायला! दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढ्यांची चराई सुधारावी म्हणून सरकारने त्यासाठी अनुदानही दिलं. चराई फारशी सुधारली नाही. चर मात्र रुंदावत गेले आणि पीट वाहून धरणांत साचू लागलं. आता त्याच चरांत पीटचे, दगडांचे, लाकडाचे बांध घालतात.

प्रश्न : ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी डोंगरावरची हेदरची झुडपं जाळतात, त्याचं काय?

जाळल्याने पाण्याचा रंग किती वाढतो, यावर संशोधकांत वाद आहे. इंग्लंडमध्ये 2021 मध्ये संरक्षित क्षेत्रांतल्या 40 सेंटिमीटरहून खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला बंदी आली; 2025 मध्ये ही मर्यादा 30 सेंटिमीटरवर आणून बंदीचं क्षेत्रही वाढवलं. मला हे बंधन योग्य वाटतं.

प्रश्न : पीट स्पंजासारखं पाणी शोषतं, मग पूर टळेल ना?

हा स्पंज आधीच भिजलेला असतो; ओल्या पीटमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. नव्या पावसाला जागा थोडी. खरा फरक पृष्ठभागाचा. उघड्या पीटवरून पाणी धावत सुटतं, स्फॅग्नम शेवाळ आणि गवत त्याला अडखळवतं. औद्योगिक शहरांच्या धुराने ते शेवाळ मारलं होतं. पेनाइनमधल्याच किंडर स्काउटच्या पठारावर उघडं पीट पुन्हा हिरवं केलं, घळींत बांध घातले. वाहून जाणारं एकूण पाणी जवळपास तेवढंच राहिलं, पण लोंढ्याचा जोर उतरला आणि तो उशिरा खाली पोहोचू लागला. हे मोजमाप छोट्या ओढ्यांवरचं आहे. त्यावरून अख्ख्या शहराचा पूर टळेल असा हिशेब मांडू नये.