सर्व्हर लावला, पण डिस्क गेली कुठे?

प्रश्न : कराडला आमची छोटी प्रेस आहे, चार कॉम्प्युटर, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं. एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू सर्व्हर २४.०४ (लिनक्स) टाकला, सगळ्या डिझाइन एका जागी राहाव्यात म्हणून. डिस्क १ टीबीची आहे पण दिसतेय फक्त ९८ जीबी. डीलरने फसवलं का? सगळं पुसून परत टाकू का?

उत्तर : डीलरला फोन केला नसेल तर करू नका, आणि पुसू तर अजिबात नका. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. इन्स्टॉल करताना एका पडद्यावर एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग पाडून ते नंतर बदलता येण्याची सोय) चौकोनात आधीच टिक असते, आपण 'डन' दाबून पुढे जातो. मग डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असेल तर इन्स्टॉलर सिस्टिमसाठी १०० जीबी घेतो आणि बाकीची तशीच मोकळी ठेवतो. म्हणजे वाडा अख्खा तुमच्याच नावावर आहे, पण उघडून दिलीय फक्त पुढची पडवी. खरं तर पुढच्याच पडद्यावर 'फ्री स्पेस' म्हणून ही जागा दिसत असते, पण डन डन करताना वाचतंय कोण, मीही पहिल्यांदा वाचलं नव्हतं.

आधी खात्री करा. 'सुडो व्हीजीएस' टाईप करा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि स्मॉलमध्ये, इथे उच्चार लिहितोय), पासवर्ड विचारेल, टाइप करताना पडद्यावर चांदण्यासुद्धा दिसणार नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नाही, या उबंटूत असंच असतं. शेवटच्या रकान्यात 'व्हीफ्री' खाली ८०० च्या पुढचा आकडा दिसला की तुमची जागा सापडली.

आता नेटवर सगळे सांगतील की 'एलव्हीएक्सटेंड' मारा आणि सगळी जागा सिस्टिमलाच जोडून टाका. चालतं ते, पण तुमच्या प्रेससाठी मी तसं करणार नाही. लग्नसराईत फायली किती फुगतात हे तुम्हाला जास्त माहीत, आणि सिस्टिमचीच डिस्क १०० टक्के भरली की सर्व्हर लॉग (कामाच्या नोंदी) लिहू शकत नाही, अपडेट अडकतात, एकेक सर्व्हिस बसत जाते. त्यापेक्षा 'एलव्हीक्रिएट'ने डिझाइनसाठी ६०० जीबीचा वेगळा भाग काढा, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) मध्ये फॉरमॅट करा, 'एसआरव्ही' फोल्डरवर माउंट करा (म्हणजे तो भाग त्या फोल्डरमध्ये उघडेल) आणि तोच सांबाने (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) चारही कॉम्प्युटरना शेअर करा. तो भाग भरला तर फक्त फाइल सेव्ह होणार नाही, सर्व्हर मात्र उभा राहील. उरलेले दोन-अडीचशे जीबी राहू देत रिकामे. ईएक्सटी४ चा भाग चालू सर्व्हरवर वाढवता येतो, 'एलव्हीएक्सटेंड'ला 'आर' हा पर्याय जोडला की एका ओळीत काम होतं, पण कमी करायचा तर अनमाउंट करावा लागतो आणि सिस्टिमचा भाग चालू असताना कमी होतच नाही.

एकच सांभाळा. 'एफएसटॅब' फाइलमध्ये (सर्व्हर सुरू होताना कोणता भाग कुठे जोडायचा याची यादी) नव्या भागाची ओळ लिहिलीत की रीस्टार्ट करण्याआधी 'सुडो माउंट -ए' मारून बघा. ओळ चुकली असेल तर एरर इथेच दिसेल, नाहीतर सकाळी सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकलेला सापडेल आणि पत्रिकावाले दारात उभे.

प्रश्न : मी लातूरला डिप्लोमा करतोय. प्रॅक्टिससाठी भाड्याने छोटा क्लाउड सर्व्हर घेतला, व्हिडिओ बघून यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू केला आणि आता एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आतच जाता येत नाही. पैसे गेले का?

उत्तर : नाही रे बाबा. चालू करताना त्याने विचारलं होतं, चालू एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जाऊ का, आणि तू 'वाय' दाबलंस. यूएफडब्ल्यू बाहेरून येणारं सगळं अडवतो, एसएसएच ज्या दारातून येतं त्या २२ नंबरच्या पोर्टला आधी परवानगी द्यायला हवी होती. आता कंपनीच्या वेबसाइटवरच्या पॅनेलमध्ये 'कन्सोल' शोध, तो नेटवर्कने जात नाही, जणू मॉनिटर-कीबोर्डच जोडलाय. तिथून लॉगिन करून 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच' मार. पासवर्ड ठेवलाच नसेल, नुसती एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) असेल, तर रेस्क्यू मोडमधून (सर्व्हर तात्पुरत्या दुसऱ्या सिस्टिमवर चालू करून) डिस्क माउंट करून यूएफडब्ल्यूच्या कॉन्फ फाइलमध्ये 'एनेबल्ड' समोर 'नो' लिहावं लागेल.

हसत नाहीये मी तुला. पुण्यात बसून रत्नागिरीच्या एका सर्व्हरचा आयपी मी बदलला होता, एक आकडा चुकला आणि झालं, तिथल्या शिपायाने दोनदा बंद-चालू करून दिला, पण चुकीचा आयपी तर फाइलमध्येच लिहिलेला, शेवटी रात्रीची एसटी. नेटवर्कचं सेटिंग लागू करणाऱ्या 'नेटप्लॅन अप्लाय'च्या जागी 'नेटप्लॅन ट्राय' मारलं असतं तर १२० सेकंदांत एंटर न दाबल्यामुळे जुनं सेटिंग आपोआप परत आलं असतं. आणि काहीही बदललं की आधीची खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं.

प्रश्न : ऑफिसचा सर्व्हर रोज रात्री बंद केला तर चालतो का? लाइटबिल फार येतं.

उत्तर : चालतो की, फक्त भिंतीवरचं बटण दाबून नाही, 'सुडो पॉवरऑफ' मारून. पण रात्री २ चा बॅकअप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणारा प्रोग्रॅम) लावलेला असेल तर तो कधीच होणार नाही, मशीन बंद असताना हुकलेलं काम क्रॉन नंतर करत नाही, आणि तक्रारही करत नाही. दुपारी दीडला लावा, सगळे डबा खायला बसतात तेव्हा.