इंग्रजांच्या काळात पोस्टमन खरंच गावात गेला का, हे कोण बघायचं?

प्रश्न : आमचे पणजोबा कोकणात प्राथमिक शाळेत मास्तर होते. जुन्या कागदांत त्यांच्या नावापुढे 'ब्रँच पोस्टमास्तर' असंही लिहिलेलं सापडलं. एका माणसाला दोन दोन नोकऱ्या चालायच्या का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालायच्या, आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती, उलट खात्यालाच अशी माणसं हवी असायची. कारण सरळ पैशाचं होतं. लहान गावात दिवसाला मोजकी पत्रं, एखादी मनीऑर्डर, तेवढ्यासाठी पूर्ण पगाराचा माणूस कोण बसवणार? मग ज्याला लिहिता-वाचता येतं, ज्याचं पोट दुसऱ्या कामावर चालतं आणि जो गाव सोडून पळून जाणार नाही अशा माणसाला गाठायचं आणि महिन्याला थोडा भत्ता द्यायचा. शाळामास्तर यात अगदी फिट बसायचा. काही ठिकाणी दुकानदार, काही ठिकाणी स्टेशनमास्तर. ही माणसं खात्याच्या कायम नोकरांत धरली जात नसत, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच नाही. पुढे हेच लोक 'ईडी' म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल (खात्याबाहेरचे) म्हणून ओळखले जायला लागले आणि आजचे ग्रामीण डाक सेवक त्याच परंपरेतले.

१८५४ च्या आधी तर याहून गंमत होती. टपालासाठी अख्ख्या देशाचा एक असा प्रमुखच नव्हता, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईचे पोस्टमास्तर जनरल आपापलं बघायचे आणि जिल्ह्यात टपाल सांभाळायचा कलेक्टर, त्याच्या बाकीच्या शंभर कामांबरोबर. म्हणजे टपाल खरं तर त्याचा एखादा कारकून सांभाळायचा हे उघड आहे. १८५० मध्ये यावर कमिशन बसलं आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात १८५४ च्या कायद्याने डायरेक्टर जनरल हे पद आलं, रिडेल हा पहिला. त्याच वेळी अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर झाला. तेव्हा देशात पोस्ट ऑफिसं होती सुमारे ७००, आणि १९४७ पर्यंत ती २३,००० च्या वर गेली. एवढा पसारा फक्त पगारी नोकर ठेवून वाढवायचा म्हटलं असतं तर सरकारला झेपलंच नसतं, तो बराचसा तुमच्या पणजोबांसारख्या लोकांच्या जिवावर वाढला असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : इतकी माणसं, तीही अर्धवेळ, आणि साहेब बसणार जिल्ह्याच्या गावी. मग पोस्टमन खरंच वाडीवर गेला की झाडाखाली झोपून परत आला हे कळायचं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न खात्यालाही भरपूर छळत होता.

आधी कागदाचं बघू. जुनं पत्र हातात आलं तर मागची बाजू जरूर बघा. पत्र जिथून निघालं तिथला तारखेचा शिक्का पुढे आणि जिथे पोचलं तिथल्या ऑफिसचा शिक्का मागे. त्यामुळे उशीर नेमका कुठे झाला हे पाकिटावरच दिसायचं, कोणाला विचारायला जायला नको. थैलीला लाखेचं सील असायचं आणि आत काय आहे त्याची यादी, म्हणजे सील तुटकं निघालं तर ज्याच्या हातात थैली तो अडकला. ब्रँच पोस्टमास्तरने रोजचा हिशोब वरच्या ऑफिसला पाठवायचा आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त रोकड जवळ ठेवायची नाही. १८८० मध्ये मनीऑर्डर आणि १८८२ मध्ये सेव्हिंग बँक पोस्टाकडे आल्यावर तर हिशोबाचा हा भाग फारच कडक झाला, कारण पत्र हरवलं तर लोक चार शिव्या घालतात पण मनीऑर्डर हरवली तर थेट अर्ज जातो.

पण शिक्का काय सांगतो, पत्र पोस्टात पोचलं एवढंच. पुढे ते माणसाच्या हातात पडलं का? हा पोस्टमन म्हणजे चालतं-फिरतं पोस्ट ऑफिस, तिकिटं विकायची, गावातली पत्रं गोळा करायची, मनीऑर्डरचे पैसे द्यायचे, सगळं तोच करायचा आणि बघायला कोणी नाही. म्हणून त्याच्याकडे वही असायची आणि गावात गेल्याचा पुरावा म्हणून पाटलाची नाहीतर मास्तरांची सही त्यात आणायची. आता पाटलाची सही म्हणजे गावठाणापर्यंत आल्याचा पुरावा, पलीकडच्या चार वाड्यांवर गेल्याचा नाही, हे पोस्टमनलाही माहीत आणि पाटलालाही. शिवाय पाटलाशी ओळख असेल तर पुढच्या आठवड्याची सही आजच मिळायला कितीसा वेळ!

त्यासाठी मग ओव्हरसियर. हा माणूस या सगळ्यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण साहेब आणि पोस्टमन यांच्या मधे पायी फिरणारा हाच. रनर, म्हणजे टपालाच्या थैल्या घेऊन पळणारे, वेळेवर धावतायत का ते बघायचं, आणि मनीऑर्डरच्या सही-अंगठा झालेल्या पावत्या घेऊन सरळ त्या माणसाच्या दारात जायचं, 'बाबा, पैसे पूर्ण मिळाले का, अंगठा तुझाच ना?' अक्षरओळख नसलेल्या गावात पैसे हातात देताना त्यातले चार आणे 'विसरणं' सोपं होतं आणि ते पकडायचा दुसरा उपाय नव्हता. सगळ्या पावत्या तपासणं शक्यच नव्हतं, अधूनमधून कुठलीही उचलायची. तुमची कधी उचलली जाईल हे माहीत नाही यातच अर्धी सुपरव्हिजन झाली. ओव्हरसियरच्या वर इन्स्पेक्टर, त्याच्या वर विभागाचा सुपरिंटेंडंट, मग पोस्टमास्तर जनरल. इन्स्पेक्टर न सांगता ऑफिसात येऊन आधी रोकड आणि तिकिटं मोजायचा, बाकी गप्पा नंतर.

आणि कायदा. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात कलम ५१ खास याच दुखण्यासाठी होतं : न गेलेल्या जागी गेलो किंवा न दिलेलं पत्र दिलं असं भासवायला रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झाडाखाली झोपून वही भरणाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम करावं लागलं म्हणजे प्रकार चांगलाच माहितीतला असणार. टपाल नेताना दारू पिऊन असणं, वाटेत रेंगाळणं याला ५० रुपयांपर्यंत दंड आणि पत्राची चोरी केली तर ७ वर्षांपर्यंत कैद. आता त्याच कायद्याचं कलम ६ वाचा : पत्र हरवलं, उशिरा पोचलं, चुकीच्या माणसाला गेलं तरी सरकार, स्वतःहून पत्करलेली जबाबदारी सोडली तर, कशालाच बांधील नाही. म्हणजे ग्राहकाला भरपाई नाही पण पोस्टमनला दंड आहे. हा कायदा २०२३ चा नवा कायदा येईपर्यंत पुस्तकात होता, हे पण सांगून ठेवतो.

प्रश्न : वरच्या जागा फक्त गोऱ्यांनाच होत्या का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक हो, पण टपालात दार थोडं लवकर किलकिलं झालं. आग्र्याचे राय सालिगराम कारकुनीपासून चढत १८८१ मध्ये वायव्य प्रांताचे (आजचा बराचसा उत्तर प्रदेश) पोस्टमास्तर जनरल झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. पुढे ते राधास्वामी पंथाचे गुरू म्हणून जास्त प्रसिद्ध झाले. बंगाली नाटककार दीनबंधू मित्र हेही टपालातलेच, लुशाई टेकड्यांतल्या (आजचा मिझोरम) मोहिमेत फौजेच्या टपालाची व्यवस्था लावली म्हणून त्यांना रायबहादूर केलं. मात्र देशाच्या डायरेक्टर जनरलच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसायला १९३० चं दशक उजाडलं, ते सर गुरुनाथ बेवूर. आपले माजी लष्करप्रमुख जनरल बेवूर यांचे वडील. सालिगराम यांच्यापासून तिथवर अर्धशतक, यावरून वेगाचा अंदाज करा.

प्रश्न : पोस्टमन संप करू शकायचे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : करायचे, पण १८९८ च्या त्याच कायद्याचं कलम ५० डोक्यावर होतं. टपाल नेणारा किंवा वाटणारा परवानगीशिवाय किंवा महिनाभर आधी नोटीस न देता काम सोडून गेला तर महिन्यापर्यंत कैद किंवा ५० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी १९२० मध्ये मुंबईच्या पोस्टमननी संप केलाच. सगळ्यात मोठा १९४६ चा, ११ जुलैला सुरू झाला आणि देशभर पसरला, त्यांना पाठिंबा म्हणून २२ जुलैला मुंबईत आणि २९ ला कलकत्त्यात बाकीच्या कामगारांनीही काम बंद ठेवलं. इतक्या लोकांवर कलम ५० लावायचं म्हटलं तर तुरुंग कमी पडले असते, शेवटी सरकार बोलणी करायला बसलं.